आजीचे अंगण

नानाखेड्यातील माझ्या घरी शिकवणीला येणाऱ्या एका मुलाने परवा विचारले, “सर, भूकंपात जमिनीतला ताण मोकळा होतो ना? मग मागाहून पुन्हा धक्के का बसतात?” मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. परंतु त्या प्रश्नाने आजी आठवली.

आमचे मूळ घर गोव्यात पेडण्याचे. तथापि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आजोबा नोकरीनिमित्त चिपळुणास होते. सह्याद्री ओलांडला की कोयनानगर. घराच्या भिंतीला तडा गेला, एवढेच. शेजारीपाजारी घरात परतले. आजी मात्र मुलांना घेऊन महिनाभर अंगणात निजली. कोणी हसले, तर आमच्या कोकणीत म्हणे, “धर्तरी अजून थीर जावंक ना.”

त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो. उलगडा झाला तो मात्र मोरजीच्या किनाऱ्यावर लहानपणी पाहिलेल्या रापणीमुळे. जाळे ओढताना एक गाठ तुटली, की तिचा भार नाहीसा होत नाही. भोकाच्या दोन्ही टोकांच्या गाठींवर तो जाऊन पडतो. भोकाच्या कडा तेवढ्या ढिल्या लोंबतात. खडकांचेही तसेच. प्रस्तरभंग जेथे सरकतो तेथील ताण उतरतो, परंतु त्याच्या टोकांपाशी व काही बाजूंना तो वाढतो, आणि मागाहूनचे धक्के बहुधा तेथेच बसतात. ही वाढ पुष्कळदा सायकलच्या चाकातील हवेच्या दाबाहूनही कमी असते! मात्र जो खडक आधीच तुटण्याच्या बेतात असतो, त्याला तेवढी पुरते. कोयनेत तर धरणाचे पाणी फटींत शिरून खडकांची पकड सैल करते, ते निराळेच.

कधी शेजारचा धक्काही लहान नसतो. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ रोजी इझमितला भूकंप झाला. तीन महिन्यांच्या आतच, १२ नोव्हेंबरला, फाटलेल्या भागाच्या पूर्व टोकापलीकडे दुझ्जे हादरले.

दुसऱ्या दिवशी मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे आजीचे बरोबर होते?”

“होय,” मी म्हणालो. हे तिलाच सांगावयास हवे होते. लहानपणी मी तिची नक्कल करून, चटई काखेत मारून अंगणात पळत असे, आणि सारे घर हसत असे.