अंबेजोगाई आणि अनिकेत वाचक

बालाघाटाच्या पठारावरील अंबेजोगाई हें क्षेत्र योगेश्वरीच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांस परिचित आहेच. ग्रंथप्रेमी मनुष्यास मात्र तेथें दासोपंतांच्या पासोडीचेंही स्मरण होतें. पासोडी म्हणजे पांघरावयाचें जाडेंभरडें वस्त्र. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून ठेविला. गुंडाळून बरोबर नेतां यावा, असाच हा ग्रंथ!

याच बीड जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. तोडणीच्या व्यवहारांत नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. माणसाचें नांवही हत्यारांत लोपतें! त्यांचा मुक्काम फडाजवळच्या कोप्यांत. गीतेच्या बाराव्या अध्यायांत ‘अनिकेत’ असणें हें भक्ताचें लक्षण सांगितलें आहे. पण तें स्वेच्छेचें व्रत, हें पोटासाठीं आलेलें. आईबापांबरोबर आश्विनांत गेलेलें मूल चैत्रांत शाळेंत परततें, तेव्हां जोडाक्षरांशीं अडखळतें, हा शिक्षकांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. वाचनालयांत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सहसा कोणी पत्ता विचारीत नाहीं. पुस्तक घरीं नेण्याची गोष्ट निघाली, कीं वर्गणी, अनामत आणि पत्ता हीं पुढें येतात. ज्याचें बिऱ्हाड फडाबरोबर हलतें, त्यानें कोणता पत्ता लिहावा?

सयाजीरावमहाराजांनीं बडोदें संस्थानांत १९१० सालीं मोफत ग्रंथालयांची योजना आरंभिली. तींत पुस्तकांच्या लांकडी पेट्या खेडोपाडीं फिरत. अशीच पेटी टोळी निघतांना टोळीच्या नांवें द्यावी, परत येतांना मोजून घ्यावी. ज्यांच्या हातीं मुकादम हजारों रुपयांची उचल ठेवतो, त्यांस दहावीस पुस्तकें देण्यास ग्रंथपालानें कां कचरावें? एखाददुसरें हरवेल, आपल्या एकत्र कुटुंबांत मुलांच्या हातून काय कमी पुस्तकें फाटतात? म्हणून आपण कपाटास कुलूप घालीत नाहीं.

देवीची ओटी भरावयास जाल, तेव्हां घरच्या मुलांचीं वाचून झालेलीं दोनचार पुस्तकें बरोबर न्यावींत व ‘पेटीसाठीं’ म्हणून गांवच्या वाचनालयाच्या स्वाधीन करावींत, एवढीच वाचकांस विनंती.