घारापुरीला जाताना

गेटवेहून लाँच सुटली की सुमारे तासाभरात घारापुरीचे बेट येते. बहुतेक लोक शिवाची लेणी पाहून परततात. पण बेटावर दोन बौद्ध लेणीही आहेत, आणि पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. हा आपला वारसा मुलाबाळांना दाखवायला सहकुटुंब जरूर जावे.

मात्र १८ डिसेंबर २०२४ चा दिवस विसरू नये. त्या दुपारी याच मार्गावर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळली. १५ जणांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर ते सक्तीचे झाले.

बंधू-भगिनींनो, जॅकेट लाँच सुटण्याआधीच घाला. पाण्यात पडल्यावर पट्टे बांधायला सवड मिळत नाही. पदर, ओढणी नीट खोचून सगळी बक्कले लावा. मुलांना त्यांच्या मापाचेच मागून घ्या. खांद्याला धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकले तर ते सैल आहे. उकडते म्हणून किंवा फोटोसाठी काढू नका. पोहता येणाऱ्यांनीही घालावे. लाँच खचाखच भरली असेल तर पुढच्या लाँचने जा.

तथागतांनी अखेरच्या क्षणीही अप्रमादाचा, म्हणजे सावधपणाचा उपदेश केला. स्तूपापुढे हात जोडायला साऱ्यांनी पोहोचायचे आहे, आणि संध्याकाळी साऱ्यांनी घरीही परतायचे आहे.

जयभीम!