मलिहाबादची कलमं आणि माहेरचा खोबऱ्या

निघायच्या आदल्या रात्री धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, लाकूडवाला आलाय. खोबऱ्याचे पैसे बरे देतो म्हणतो. तुझं काय म्हणणं?"

मी बॅग भरत होते. म्हटलं, "दे की. तसंही तो आंबा आता कोण खातं?"

खोबऱ्या म्हणजे खेड तालुक्यातल्या आमच्या माहेरच्या परसातलं रायवळ आंब्याचं झाड. कोवळ्या कैरीला ओल्या खोबऱ्यासारखी चव, म्हणून हे नाव. पिकला की फळ मुठीएवढं, दोऱ्याच दोऱ्या, पण रस असा की दादी त्याची साठं घालायची आणि ती पुढच्या रमजानपर्यंत पुरायची. झाड आमच्या आजोबांनी लावलं की आपोआप उगवलं, हे कुणालाच ठाऊक नाही. अब्बांच्या इंतकालानंतर घर-जमिनीची वाटणी व्हायची होती. भावाचा विचार सरळ होता. झाड काढायचं, त्या जागी हापूसची चार कलमं लावायची. आमच्याकडे सगळेच तसं करतात. एके काळी हापूसची खोकीसुद्धा रायवळाच्याच फळ्यांची असायची.

असो. आम्ही पुष्पक एक्स्प्रेसनं लखनौला निघालो. आमचे मिस्टर बारा वर्षं कुवेतला होते. तिथं त्यांच्या खोलीत मलिहाबादचे एक खानसाहेब राहायचे. दोघंही आता परत आलेत, पण दर उन्हाळ्यात त्यांचा फोन ठरलेला: "भाभी को लेकर आइये, आम खिलाऊँगा." हापूसच्या मुलखातल्या माणसाला आंबा खायला बोलावणं म्हणजे जरा जास्तच, असं मला दर वेळी वाटायचं. गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत, शेवटी योग आला.

मलिहाबाद लखनौपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, हरदोईच्या रस्त्याला. मला, उर्दू शिकवणारीला, हे नाव जोश मलिहाबादींमुळे माहीत. शायरांचं गाव म्हणून गेले आणि काकोरी सोडल्यावर दोन्ही बाजूंना जे दिसायला लागलं त्यानं गप्पच झाले. आमच्याकडे आंबा डोंगरउताराला, कातळावर, एकेक झाड खड्डा फोडून लावलेलं. इथं सपाट मऊ माती आणि नजर जाईल तिथवर आंबाच. फांद्या जमिनीला टेकलेल्या, खालून बकऱ्या फिरताहेत. दशहरीचा मोसम नुकता सुरू झाला होता. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर, पेट्या, पाल्याचे ढीग, आणि हवेत तो गोडूस वास.

पहिल्या दिवशी खानसाहेबांनी आंबे बादलीभर पाण्यात टाकून पुढ्यात ठेवले. कापायचा नाही, चोखायचा. दशहरी लांबट, साल पातळ, कोय चपटी, आणि गोडी अशी की आंबटपणाचा मागमूस नाही. मला विचारलंत तर हापूस तो हापूसच. हापूसच्या गोडीला जी किंचित आंबट कड असते ती इथं नाही. मिस्टरांनी मात्र पहिल्या अर्ध्या तासात पक्ष बदलला.

दुसऱ्या दिवशी खानसाहेब म्हणाले, "चलिए, सब की माँ से मिला दूँ." काकोरीजवळ दशहरी नावाचंच एक छोटं गाव आहे. तिथं दोनशे वर्षांहून जुनं मानलं जाणारं एक आंब्याचं झाड आहे. खोड जाड आणि पीळदार, विस्तार मंडपासारखा. उत्तर हिंदुस्थानात जेवढी म्हणून दशहरीची कलमं आहेत, ती या एका झाडाची. एकाची काडी दुसऱ्यावर, तिची तिसऱ्यावर, अशी.

इथं सांगतात की, जुन्या काळी नवाबांनी या झाडावर जाळी टाकून पहारा बसवला होता. आणि कुणाला फळ भेट द्यायचंच झालं तर कोयीला भोक पाडून द्यायचे, म्हणजे ती रुजायची नाही. मी खानसाहेबांना म्हटलं, भोक पाडायची गरजच नव्हती. या झाडाची कोय लावली तरी दशहरी येत नाही. ते हसले, "भाभी, नवाबों ने कहाँ बीएड किया था!"

पण गोष्ट खरी आहे आणि ती मला नीट सांगायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आंब्याच्या मोहरात हजारांनी फुलं असतात आणि माशा-किडे एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे कोयीत आईचं अर्धं आणि कुठल्या तरी अनोळखी बापाचं अर्धं. जशी आपली मुलं. एका आईची चार, पण एकासारखं एक नाही. केरळ आणि पश्चिम किनाऱ्याकडच्या काही जातींच्या एका कोयीतून तीन-चार कोंब फुटतात आणि ते हुबेहूब आईवर जातात, पण हापूस, दशहरी, लंगडा यांचं तसं नाही. म्हणून त्यांचं कलमच करावं लागतं. कलम म्हणजे मूल नव्हे. तेच झाड, दुसऱ्या पायांवर उभं केलेलं.

शब्दही बघा. लिहायची ती कलम आणि झाडाचं ते कलम, एकच अरबी शब्द. उर्दूत कलमाला पैवंद असंही म्हणतात, म्हणजे फाटक्या कपड्याला लावतो ते ठिगळ. आणि कोयीपासून आपोआप वाढलेल्या आंब्याला मलिहाबादकडे म्हणतात तुख्मी. तुख्म म्हणजे बी. फालुद्यातल्या सब्जाला जुनी माणसं तुकमराई म्हणतात, त्यातलं तुख्म तेच. आमचा रायवळ तो त्यांचा तुख्मी. खानसाहेबांनी तो शब्द उच्चारला तेव्हा त्यात तोच थोडा तुच्छतेचा सूर होता, जो आमच्याकडे 'रायवळ' म्हणताना असतो. पोरं उंडारायला लागली तरी आमच्याकडे रायवळच म्हणतात.

मी त्या म्हाताऱ्या झाडाखाली उभी होते आणि मनात आलं, हे झाड कुठून आलं? हेही कुणी तरी टाकलेल्या कोयीचंच. दशहरी व्हायच्या आधी हा एक तुख्मीच होता. ज्यांनी चव घेतली त्यांनी तोडला नाही, एवढाच फरक.

त्या संध्याकाळी मी भावाला फोन लावला. उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी हाजी कलीमुल्लाह ख़ान यांची बाग पाहिली. यांचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. शाळा सातवीत सुटलेला माणूस, आणि २००८ साली पद्मश्री. एकाच झाडावर त्यांनी तीनशेहून अधिक जातींची कलमं बांधली आहेत. तरुणपणी, १९५७ साली, एका झाडावर सात जाती लावून पाहिल्या होत्या, ते झाड पुराच्या पाण्यानं गेलं. मग १९८७पासून एका जुन्या झाडावर नव्यानं सुरुवात केली. त्यांच्या भेटीचा योग आला नाही, झाडाची भेट झाली. वर्तमानपत्रात वाचलं होतं तेव्हा मला ही गारुड्याची करामत वाटली होती. खाली उभं राहिल्यावर तसं वाटत नाही. एका फांदीची पानं चकचकीत, शेजारच्या फांदीची मळकट हिरवी. एक पान चुरगळलं तर कैरीचा वास, दुसऱ्याला वासच नाही. फळं कुठं लांबोडी, कुठं गोल, कुठं लालसर, कुठं अजून सुपारीएवढी. मला जनगणनेच्या ड्यूटीत पाहिलेली मुंबईची चाळ आठवली. एक जिना, आणि प्रत्येक दारामागे वेगळी भाषा.

परतीच्या वाटेवर रहमानखेड्याला गेलो. १९७२ साली तिथं आंब्याचं सरकारी संशोधन केंद्र सुरू झालं, आज ती मोठी संस्था आहे. खानसाहेबांच्या ओळखीमुळे आत जाता आलं. सातशेहून अधिक प्रकारचे आंबे तिथं राखलेले आहेत. मी विचारलं, बियाणं कुठल्या थंड खोलीत ठेवता? दाखवणारे गृहस्थ म्हणाले, आंब्याची कोय तशी ठेवताच येत नाही. ती वाळली की मरते, थंडी सोसत नाही. गहू-भात डब्यात बंद करून वर्षानुवर्षं ठेवता येतो. आंबा ठेवायचा तर झाडच उभं ठेवावं लागतं. खत, पाणी, राखण, सगळं चालू. त्यांची तिजोरी म्हणजे ती बाग.

आणि तिजोरी कशासाठी, तर नवा आंबा काढण्यासाठी. दिल्लीच्या पुसा संस्थेनं दशहरी आणि दक्षिणेकडचा नीलम यांचा संकर करून आम्रपाली काढला. झाड बुटकं, आणि दशहरीसारखा एक वर्षाआड नव्हे, तर दरसाल धरणारा. त्या आम्रपालीचा संकर जनार्दन पसंदशी करून रहमानखेड्यानं अंबिका काढला, गुजरातच्या वनराजशी करून अरुणिका. आमच्या वेंगुर्ल्यालाही हेच झालंय. हापूसचं दुखणं आपल्याला माहीतच आहे: वरून सोन्यासारखा, कापला की आत पांढरा साका. नीलमला साका नाही. १९८१ साली वेंगुर्ल्याच्या केंद्रानं नीलम आणि हापूसपासून रत्ना काढला, त्यात साका नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू, ज्याची कोय नावापुरती. ऐकायला सोपं. पण परागीभवन करायचं एकेका फुलावर चिमट्यानं. हजारातून एखाद-दुसरं फळ टिकायचं. एका फळात एकच कोय. ती लावून फळाची वाट बघायची पाच-सात वर्षं. आणि एवढं करून फळ बेचव निघालं तर झाड काढून टाकायचं. एका माणसाच्या नोकरीत असे डाव कितीसे होणार?

निघताना त्या गृहस्थांनी आम्ही कुठले ते विचारलं. रत्नागिरी म्हटल्यावर डोळे चमकले. म्हणाले, तुमच्या किनाऱ्यावरचे रायवळ फार महत्त्वाचे, पाऊस, खारा वारा, कातळ सगळं सोसलेले. कोणता कुठल्या रोगाला दाद देत नाही, हे कुणी तपासलेलं नाही. मी मान हलवली. मिस्टर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आणि एक गोष्ट तर मला कोकणात जन्मूनही कधी सुचली नव्हती. हापूसचं कलम बांधतात कशावर? रायवळाच्या रोपावर. अख्ख्या कोकणात हापूस जमिनीत उभा आहे तो रायवळाच्या मुळांवर. खोकं रायवळाचं, पाय रायवळाचे, आणि तोडायचाही रायवळच.

रात्री भाऊ फोनवर भेटला. लाकूडवाल्यानं पाच हजार विसार दिला होता. मी म्हटलं, थांब. तो चिडला, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. "आपा, तूच दे म्हणालीस. आता लखनौहून काय नवीन कळलं?" मी दशहरीच्या झाडाचं सांगायला लागले तर म्हणाला, "तुझे आंबे खाऊन झाले की बोलू."

आमच्या मदतीला पाऊस आला. आम्ही पोहोचलो तोवर पाखाडीवर चिखल झाला होता, ट्रक वर चढेना. खोबऱ्या उभाच होता, त्या वर्षी लदबदून आला होता. खाली फळं कुजत पडलेली, त्यावर माशा. भावजयीनं नाक धरून मला दाखवलं, "बघा, हेच रोज काढते मी." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मी शाळेत राहणार, झाडलोट तिला.

जुलैत गावातल्या एका जुन्या कलम बांधणाऱ्याला बोलावलं. आठ दिवस आधी त्यानं खोबऱ्याच्या निवडलेल्या काड्यांची पानं देठ ठेवून छाटली, म्हणजे डोळा फुगतो. खाली पडलेल्या कोयी मातीत घालून त्यांना तांबूस कोवळी पानं फुटली होती. त्या रोपाचा शेंडा उडवून, खोडाला मधोमध चीर देऊन, पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचं. याला कोय कलम म्हणतात. आपल्या दमट हवेत ते चांगलं धरतं. आम्ही वीस बांधली. पावसाळा सरेपर्यंत अकरा जगली, उन्हाळ्यानंतर सहा. दोन शाळेच्या कुंपणापाशी आहेत, एक वेंगुर्ल्याला कुणी घेईल का, याची चौकशी चालू आहे.

वाटणी दिवाळीच्या सुट्टीत झाली. शरीअतप्रमाणे माझ्या हिश्शाला विहिरीकडची जमीन येत होती, ओली, सुपारीला उत्तम. ती मी भावाला दिली आणि झाडाखालचे दोन गुंठे घेतले. विसाराचे पाच हजार मीच परत केले. पैशाच्या हिशोबानं बघाल तर मी फसले, आणि भावजय तसं उघड म्हणते. भाऊ काही म्हणत नाही. पण खाली पडलेली फळं गोळा करायला मीच माणूस ठेवायचा, हे त्यानं कागदावर लिहून घेतलं आहे.

खानसाहेबांना हे सगळं फोनवर सांगितलं. पुढच्या मोसमात ते येणार आहेत, खोबऱ्या चाखायला. आता पंचाईत अशी की, गेल्या वर्षी एवढा आला म्हणून यंदा झाडाला मोहरच नाही.