दुसऱ्यांदा डेंग्यू

मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. दुसऱ्यांदा. पहिला कॉलेजच्या होस्टेलवर झाला होता, त्यामुळे रिपोर्ट हातात आला तेव्हा मी चक्क निर्धास्त होतो. अँटीव्हायरसचं कसं असतं, एकदा व्हायरसची सिग्नेचर डेटाबेसमधे गेली की पुढच्या वेळी तो दारातच पकडला जातो. शरीराचंही तेच असणार ना! 'अरे, मला इम्युनिटी आहे,' असं रूममेटला सांगून मी लॅपटॉप उघडून बसलो. रिलीज तोंडावर होतं...

डॉक्टरांना पहिल्या डेंग्यूचं सहज सांगितलं, तर ते म्हणाले, 'मग जास्त जपायला हवं.' च्यायला, हे काय नवीन?

मग पडल्या पडल्या वाचलं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्याच्यापासून आयुष्यभराचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून मात्र जेमतेम काही महिन्यांचं. पुढे त्यातला एखादा आला की जुन्या अँटीबॉडी त्याला ओळखतात, पण अर्धवट. चिकटतात, निकामी करू शकत नाहीत. आता आपल्या भक्षक पेशींची सवय अशी, की अँटीबॉडी चिकटलेलं काही दिसलं की गिळून टाकायचं. आणि डेंग्यूला नेमकं त्याच पेशींत शिरून वाढायचं असतं! म्हणजे वॉचमननेच चोराला लिफ्टने वर आणून सोडायचं. दर वेळी असं होतंच असं नाही, पण धोका वाढतो हे नक्की.

१९६० च्या दशकात बँकॉकमधे स्कॉट हॅल्स्टेड या अमेरिकन डॉक्टरला हे मुलांमधे दिसलं होतं. तरीही २०१६ साली फिलिपिन्समधे शाळकरी मुलांना डेंग्यूची लस सरसकट दिली गेली, आठ लाखांहून जास्त मुलांना. ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता त्यांच्यासाठी ती लसच 'पहिला डेंग्यू' ठरू शकते, हे कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमधे जाहीर केलं. मोहीम थांबवावी लागली. त्या आयांचं काय झालं असेल, हा विचार तापात फार छळत होता.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आई फोनवर म्हणाली, 'सुटलास बाबा!' मलाही तसंच वाटलं. पण डेंग्यूचा खरा धोका तिथूनच सुरू होतो. ताप गेल्यावर एक-दोन दिवस रक्तवाहिन्यांमधून रक्तातलं पाणी झिरपतं आणि बीपी पडू शकतं. त्या रात्री माझं पोट जबरदस्त दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. रूममेटने स्कूटरवर मागे बसवून हॉस्पिटल गाठलं. दोन दिवस सलाईन. रिलीज माझ्याशिवाय व्यवस्थित झालं, हे वेगळं सांगायला नकोच.

गणिताने माझे अजून दोन शिल्लक आहेत. तिसरा-चौथा म्हणे सहसा एवढा त्रास देत नाही. असो.

आता दर रविवारी मी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी नुसती ओतत नाही, ब्रशने घासतो. या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात. रूममेट चहा पीत बघतो आणि हसतो. त्याला अजून एकदाही झालेला नाही.