उतरणीचं ऊन

गाईड परगावच्या माणसासाठी असतो, आपल्यासाठी नाही, असं मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलो. अकोल्याचा माणूस मी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी बाजारहाट चुकत नाही. मेळघाटात जंगल सफारीला गाईड घ्यावाच लागतो. त्याचे पैसे मी नाक्यावरच्या पावतीसारखे, कुरकुरत द्यायचो. चिखलदऱ्याहून पायी दरीत उतरायचं ठरलं तेव्हा तर तयारी मिनिटभरात झाली होती: दोन बाटल्या पाणी, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.

मत बदललं ते फजिती होऊन नव्हे, निघण्याआधीच्या हिशेबानं.

नरनाळ्याच्या किल्ल्यावर शहानूर गावाकडून पायी निघालं तर आधी चढ असतो. दम लागला की अर्ध्यावरून फिरावं, उतार आपसूक खाली आणतो. चिखलदऱ्याचं उलटं. गाव वर, १,१०० मीटरच्या आसपास, गार वाऱ्यात, दऱ्या खाली. ताज्या पायांनी उतरायचं आणि सगळा चढ दमल्यावर, डोक्यावर ऊन घेऊन. खाली जावं तशी हवाही तापत जाते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनची तऱ्हा हीच. फिनिक्सला राहणारा माझा भाचा तिथे जायची तयारी करत होता. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ वाटेवर राहू नका, उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा, अशा तिथल्या सूचना त्यानं फोनवर वाचून दाखवल्या. मी "आम्हाले काय ऊन नवं हाय?" म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर वेळेचा हिशेब मांडला. परतीचा चढ नेमका साडेअकराला सुरू होत होता.

जंगलात सावली असते, हाही भरवसा खोटा. मेळघाटातला साग मार्च-एप्रिलपर्यंत पानं टाकून उघडा होतो, नाले कोरडे पडतात, काळा दगड तापून खालूनही भाजतो. आणि आपण वऱ्हाडी माणसं ऊन सोसतो म्हणजे काय करतो? कूलर लावतो, खिडकीला ओला पडदा टाकतो, दुपारी घराबाहेर पडत नाही. ही ऊन टाळण्याची विद्या आहे, आणि चांगली आहे. दरीत मात्र टाळायला जागा नसते.

पाण्याचं तर मला ठाऊकच नव्हतं. तासन्‌तास घाम गाळत नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गुंगी, म्हणजे ऊन लागल्यासारखीच लक्षणं दिसतात आणि बरोबरचे लोक आणखी पाणी पाजतात. म्हणून पाण्याच्या जोडीला ओआरएसच्या पुड्या, खारे शेंगदाणे, भाकरीबरोबर लोणचं. कांदा घरीच राहिला.

मग पहाटे निघावं की! इथे गाईडचं काम सुरू होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात. कोरकू बायामाणसं उजाडताच टोपल्या घेऊन वेचायला निघतात, आणि त्याच झाडांखाली अस्वलंही फुलं खायला येतात. गार वेळ अस्वलाची, उरलेली वेळ उन्हाची. कोणत्या झाडाला किती लांबून वळसा घालायचा, हे मला नकाशा सांगणार नव्हता. ज्याला विचारलं त्या कोरकू गाईडनं आधी वाट सांगितलीच नाही. म्हणाला, "नऊ वाजले का जथी असू तथून वापस, साहेब. खाली पोचलो नाई तरी." मला वेळ बांधून देणारा माणूस आवडत नाही, अजूनही आवडत नाही. पण पैसे द्यायचे ते याच वाक्याचे, हे पटलं. वाट काय, कुणीही दाखवेल.

आणि मोसमाचं म्हणाल तर, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेताना इंग्रजांचा सेनानी स्टीव्हन्सन याच्या फौजेनं तोफा डोंगरांतून फिरवून उत्तरेच्या अंगाला आणल्या आणि १५ डिसेंबर १८०३ ला गड पडला. महिना डिसेंबर होता, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

मीही मग बेत हिवाळ्यावर ढकलला. तुम्हीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, वनखात्याची परवानगी असलेल्या वाटेनंच उतरा आणि गाईड "आता फिरा" म्हणाला की हुज्जत घालू नका.