वाट्यांचा खेळ

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत तीन वर्षांचं मूल असलेल्या घराला पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं अ‍ॅप लावता?’ ओवीला शाळेत घालायला अवकाश होता. माझी नोकरी ऐरोलीत, नवऱ्याची अंधेरीत, दिवसभर ती आजी-आजोबांजवळ. तिच्यासाठी मराठीतून काही मिळतंय का, म्हणून मी रात्री फोन घेऊन शोधायला लागले.

मिळायचं पुष्कळ, पण सगळं एकाच साच्यातलं. भडक हत्ती, लाडीक आवाजात ‘अ अननसाचा’ आणि मध्येच जाहिरात. मोफत म्हणवणारी अ‍ॅप्स चार-पाच अक्षरं झाली की पैसे मागत. एकात टाळ्या वाजवणारं अस्वल होतं. उत्तर चुकलं की ते कपाळावर हात मारून घ्यायचं. ओवीला टाळ्यांपेक्षा कपाळ बडवणं आवडलं, म्हणून ती मुद्दाम चुकीच्या चित्रावर बोट ठेवायची. अ‍ॅपच्या हिशेबी पोरगी कच्ची. मला मात्र ती पक्की वाटली.

तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तासाभराहून जास्त वेळ स्क्रीनपुढे बसवू नये, कमी तितकं चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन आला आणि शेजारची नर्सरीतली पोरं लॅपटॉपपुढे बसली. तेव्हा केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी बालवाडीच्या मुलांसाठी अर्ध्या तासाची मर्यादा घातली, तीही पालकांशी बोलण्यासाठी. म्हणजे पडद्यापुढे बसायचं ते पालकांनी. त्या कागदातलं हे वाक्य फारसं कोणी मनावर घेतलेलं मला दिसलं नाही.

मला हवं होतं ते सापडलं आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुनीताताईंच्या फोनवर. त्यांचा मुलगा अंगणवाडीत जातो. एकदा भांडी घासताना त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी मला म्हटलं, ‘ताई, जरा लावता का? हात ओले आहेत.’ सेविकाबाईंचा आवाज होता. घरातल्या वाट्या घ्या, लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा, मग मुलाला डोळे मिटायला सांगून एक लपवा आणि कुठली गेली ते ओळखायला लावा. मिनिटभरात निरोप संपला. ना अस्वल, ना अननस.

त्याच संध्याकाळी ओट्याखालच्या वाट्या बाहेर आल्या. मी आकाराने मांडायला गेले, तर सासूबाई मध्ये पडल्या. ‘अगं, ही तुपाची हाय, ती चटणीची. तुपाच्या शेजारी चटणी कशाला ठेवतीस?’ त्यांचा क्रम वेगळाच होता, आणि ओवीला तोच पटला. शेवटी दोन्ही क्रमांनी मांडामांड झाली. लपवलेली वाटी तिने नावानिशी ओळखली, ‘लोणच्याची गेली!’ शिकवणीच्या भाषेत याला वर्गीकरण म्हणतात. आमच्याकडे त्याला पसारा म्हणतात.

अंगणवाडी म्हटलं की आमच्या इमारतीतल्यांना पोषण आहार आठवतो. पण अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून शाळापूर्व शिक्षण हे तिच्या कामांपैकी एक आहे. त्याच्याही आधी ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालवाडी सुरू केली होती आणि नंतर अनुताई वाघांना घेऊन त्या कोसबाडला गेल्या. बिया, शिंपले, खडे, पानं हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. आमच्याकडून गाडीने दोन-तीन तासांवर हे सगळं घडलेलं, आणि मी मात्र महिना अमुक रुपये देऊन अस्वल घ्यायच्या बेतात.

मग शोधण्याची रीतच बदलली. मूल काय बघेल ते सोडून मोठ्या माणसाला काय करता येईल ते शोधायला लागले. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करण्याचे व्हिडिओ आहेत, मराठी पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. सासरे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. त्यांना फोनवर काही दाखवायला गेलं की ‘मला नको ते’ म्हणतात. कागदाच्या घड्या मात्र त्यांनी चष्मा लावून बघितल्या. वर्तमानपत्राची टोपी, टोपीची होडी, होडीची दोन्ही टोकं आणि शेंडा फाडून उलगडलं की सदरा. घडीवर ते अंगठ्याचं नख असं दाबून ओढतात की कागद करकरतो. ओवीने तेवढंच आधी उचललं. घडी वाकडी, पण नख ओढायचं आजोबांसारखं.

पुस्तकांसाठी ‘स्टोरीवीव्हर’ हाती लागलं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं, मोफत, वाचनपातळीनुसार लावलेलं. एकच गोष्ट मराठीतही मिळते, हिंदीतही. खालच्या मजल्यावरच्या आरवची आई गोरखपूरची, ती हिंदीतून वाचते. अनुवाद स्वयंसेवकही करतात, तेव्हा आधी स्वतः वाचून मगच मुलापुढे धरावं. पहिल्या पातळीची, पानाला एखाद्या ओळीची पुस्तकं मला सगळ्यात कामाची वाटतात, कारण उरलेली गोष्ट सांगणाऱ्याला रचावी लागते. सासूबाई तर छापलेली ओळ बघतही नाहीत. चित्रात म्हैस असली की ती त्यांच्या गावाकडची, पाटणची, आणि ती कुणाच्या शेतात घुसली हे त्यांना माहीत असतं. तक्रार एकच, फोनच्या पडद्यावर चित्र फार बारीक दिसतं. म्हणून आवडती पुस्तकं मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणते. फुकटच्या पुस्तकाला असा खर्च होतो खरा.

सुनीताताई आता अंगणवाडीचे निरोप मला पुढे पाठवतात, मी ते सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर टाकते. परवा खड्यांची रांगोळी होती. त्यावर दोन अंगठे आले आणि एकीचा प्रश्न, ‘छान आहे, पण यात एबीसीडी कधी येणार?’

मी लिहिलं, ‘जूनमध्ये. शाळा सुरू झाली की.’