दमसास

व्होल्वो 240 पाहिली की वाटतं, ही गाडी फूटपट्टी लावून आखली असावी. सपाट बॉनेट, उभट काच, चौकोनी डिकी. 1974 पासून 1993 पर्यंत ती बनत राहिली आणि स्वीडनमधल्या कितीतरी घरांनी तिच्यात पोरंबाळं, आजी-आजोबा आणि सुट्टीचं सामान भरून मैलोन् मैल काटले. गोथेनबर्गला राहायला आल्यापासून रस्त्यात एखादी दिसली की मी थांबून बघतो. माझा जीव मात्र तिच्या रूपापेक्षा तिच्या इंजिनावर जडला आहे. लाल रंगाचा, ओतीव लोखंडाचा, चार सिलिंडरचा तो ब्लॉक. 1974 मधल्या बी21 पासून नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत कंपनीने त्याची मूळ घडण मोडली नाही. आकार वाढवला, आतले भाग सुधारले, पण घराणं तेच ठेवलं.

म्हणूनच माझ्या मित्राला जे करता आलं ते करता आलं. तो चिंचवडचा, इथे वाहनउद्योगातच नोकरीला. त्याच्याकडे 1991 ची 240 सेडान आहे, 2.3 लीटरच्या बी230एफ इंजिनाची. ताकद साधारण 115 अश्वशक्ती. चौघं बसली, डिकी भरली आणि चढ लागला की गाडी धापा टाकायची. दुसरीकडे भंगारात निघालेली एक 940 टर्बो होती. तिची बॉडी गंजली होती, पण बी230एफटी इंजिन ठणठणीत होतं. तेही 2.3 लीटरचंच, पण 165 अश्वशक्तीचं. एकीचा सांगाडा शाबूत, दुसरीचं काळीज शाबूत. दोन्ही एकाच घरातल्या. 940 चं इंजिन 240 मध्ये बसवण्यात मला वेगाच्या हौसेपेक्षा मोठं काहीतरी दिसतं. चांगली घडवलेली वस्तू वाया जाऊ नये, ही ती आच आहे.

टर्बोची कल्पनाच मुळी वाया जाणाऱ्याला कामाला लावण्याची. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरवाटे जो तापलेला वायू फुकट जातो, त्याच्या वाटेत एका दांड्यावर चक्र ठेवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. मुरलेला गवई दोन ताना एका श्वासात घेतो, तसं इंजिन तेवढ्याच जागेत जास्त श्वास भरून घेतं. तो दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेही तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत. तेल आत जातं दाबाने, परत येतं निव्वळ उतारावरून. म्हणून परतीची नळी जराही वर उचललेली चालत नाही.

दाबलेल्या हवेची किंमतही मोजावी लागते. पेट्रोलचं मिश्रण गरम होऊन वेळेआधीच भडकू लागलं, तर पिस्टन फुटतात. एफटीचं कॉम्प्रेशन त्यासाठीच कमी ठेवलंय. साध्या इंजिनाचं गुणोत्तर 9.8:1, याचं 8.7:1. जुन्या इंजिनाला वरून नुसता टर्बो लटकवणाऱ्यांची मला धास्ती वाटते ती यामुळेच. अख्खं इंजिन, त्याचे इंजेक्टर, हवा मोजणारं मीटर, इंधन आणि ठिणगी सांभाळणारे दोन्ही कंट्रोल बॉक्स असा सगळा संसार सोबत आणावा. मित्राने तसाच आणला.

तरी एक अडचण होती. 940 मध्ये ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या हेडच्या मागच्या टोकाला बसतो आणि 240 मध्ये नेमकी तिथे केबिनची भिंत येते. पण ब्लॉकच्या कुशीत डिस्ट्रिब्युटरची जुनी जागा तशीच होती, नुसतं बूच मारून बंद केलेली. त्याने बुचाभोवतीचा काळा चिकटा पातळ पत्र्याने खरवडला, बूच हळूहळू हलवत काढलं, आत बोट फिरवून कडा तपासली, नवी रबरी रिंग तेलात बुडवली आणि 240 चा डिस्ट्रिब्युटर आत सारला. अर्धा फेरा घेऊन तो दाताला दात लागून जागेवर बसला. ज्या कुणी ती जागा आराखड्यात राहू दिली, त्याला मी मनातून नमस्कार केला. गाडी विकल्यावरही ती दुरुस्त करणाऱ्याचा विचार करणं, ही ग्राहकाची खरी कदर आहे. आजच्या गाड्यांत ती मला फार कमी दिसते.

मित्राचे बाबा तेव्हा इथे आले होते. त्यांचा जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेलेला. ते स्टुलावर बसून सगळं न्याहाळत होते. म्हणाले, "अरे, आधी थांबायचं बघ. पळायचं मग." चारही चाकांना डिस्क ब्रेक या गाडीला मुळातच होते. तरी पुढच्या डिस्क, पॅड आणि होज नवे घातले. रेडिएटर मोठा बसवला, त्याच्यापुढे दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. मग मित्र ठिणगी बंद ठेवून स्टार्टर फिरवत राहिला, तेलाचा दाब चढेपर्यंत. त्यानंतरच चावी पुरती फिरवली. इंजिन बदलल्याची रीतसर तपासणी आणि नोंदही करून घेतली. ती टाळणाऱ्यांशी माझं जमत नाही.

व्होल्वोने स्वतः 1981 मध्ये 240 टर्बो आणली होती, 155 अश्वशक्तीची. 1985 मध्ये याच चौकोनी गाडीने ब्रांकातेल्ली आणि लिंडस्ट्रोम या चालकांच्या जोडीला युरोपियन टूरिंग कार अजिंक्यपद मिळवून दिलं. लोक तिला उडती वीट म्हणू लागले. मित्राची गाडी उडत नाही आणि तिने उडूही नये. चढावर ती गियर न उतरवता, आवाज न चढवता निघून जाते. मागे बसलेल्या बाबांना कळतही नाही. घरी पोचल्यावर तो इंजिन लगेच बंद करत नाही. तापलेल्या टर्बोतलं तेल जागीच जळू नये म्हणून थोडा वेळ चालू ठेवतो.

आता प्रश्न उरलाय गियरबॉक्सचा. 240 चा पाच गियरचा एम47 एवढी ओढ फार दिवस सोसणारा नाही. 940 टर्बोला लागणारा दणकट एम90 तो शोधतोय. हिवाळ्याआधी मिळाला तर बरं, कारण गाडीखाली उताणं पडून गियरबॉक्स उतरवायचा, तर इथली जानेवारीतली फरशी अंगाला लावून घेववत नाही.